भोंग्याची मजुरी

आमच्या लिफ्टला कलेजीचा वास यायचा. हळद नाही, मीठ नाही, नुसत्या उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीचा. घरी आलेला पाहुणा नाक मुरडत विचारायचा, "कुणाकडे काय शिजतंय हो?" मी सांगायचे, "काही नाही, कणसेआबा नुकतेच खाली गेलेत." पाहुण्याला त्यातून काही कळायचं नाही, आम्हाला मात्र सगळं कळायचं. वास ताजा असला तर पार्किंगमध्ये जरा थांबायचं, आबांना आणि त्यांच्या कुत्र्याला पुढे जाऊ द्यायचं आणि मग आपली गाडी काढायची, अशी आमच्या थेरगावच्या सोसायटीत रीतच पडली होती. बरेच जण ती शिव्या देत पाळायचे.

आबा आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी नोकरी चाकणला पत्रा दाबून आकार देणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये, साचे बसवणारे डाय फिटर म्हणून झालेली. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. जन्मभर युनियनमध्ये राहिल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. दारात उभं राहून दूधवाल्याला "उद्या एक पिशवी जास्त" असं सांगितलं तरी खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, संप पुकारला. कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द "का?" हा असायचा. वॉचमनने "आबा, लिफ्ट बंद आहे" म्हटलं तरी "का?" लिफ्ट खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघून झाल्यावरच ते जिना चढायचे.

त्यांची कंपनी बंद पडली ती कपटाने. दिवाळीच्या सुट्टीत मालकांनी मशिनं हलवली आणि कामगार परत आले तर आत नुसती जमीन. सगळे गेटवर बसले. त्या गेटवर सिक्युरिटीच्या केबिनला एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा बांधलेला असायचा. कंपनीचा भोंगा वाजला की हा त्याच्या वरच्या पट्टीत ओरडायचा, म्हणून त्याचं नाव भोंगा. साखळी आखूड, समोरून शिफ्टच्या वेळी शेकडो मोटरसायकली, जाता-येता कुणी हेल्मेट उगारतंय, कुणी लाथ घालतंय, गार्ड काठी आपटतोय. असं वाढलेलं जनावर कसं होणार?

हळूहळू गेटवरची माणसं पांगली. कुणी हिंजवडीला कॅब चालवायला लागलं, कुणी गावी गेलं. सिक्युरिटीवाले गेले ते कुत्र्याला तसंच बांधून. शेवटी तिथे आबा आणि भोंगा राहिले. मालकांचा निरोप आला, की मागच्या गेटने ऑफिसात या, सही करा, काय असेल तो हिशेब घेऊन जा. बाकीचे गेले. आबा गेले नाहीत. "इतकी वर्सं पुढच्या गेटनं आत गेलो, ताई," ते मला सांगायचे, "आन जाताना मागनं जाऊ? कशापायी? चोरी केली व्हती का आमी?" त्यांचे पैसे पुढे कधी मिळाले, मिळाले की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं खरं, की एके दिवशी त्यांनी साखळी सोडली आणि टेम्पोत घालून भोंग्याला घरी आणलं.

पहिले काही महिने सोसायटीने जे सोसलं ते मी नाकारणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा हेल्मेटं जास्त दिसतात, आणि भोंग्याला हेल्मेट दिसलं की त्याचं भान सुटायचं. काठी दिसली की तेच. दुसरा कुत्रा दिसला की विचारूच नका. दोन पायांवर उभा राहून साखळी तुटेस्तोवर झेपावायचा. आबा साखळी खेचून त्याच्यावर ओरडायचे. तो भुंकायचा, हे ओरडायचे, आणि दोघांचा आवाज डांगे चौकापर्यंत जायचा. तेव्हा मीसुद्धा आमच्या ह्यांना म्हटलं होतं, की हे काही जमायचं नाही.

मग कुणीतरी त्यांना जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तरुण मुलगी होती ती. तिने भोंग्याला तपासलं, आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, हा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. त्याच्यावर ओरडू नका. हेल्मेट लांब असतानाच, तो भुंकायच्या आधी, त्याच्या तोंडात आवडीचं काहीतरी द्या. रोज. प्रत्येक वेळी. हेल्मेट दिसलं की काहीतरी चांगलं मिळतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे."

आबा तिथल्या तिथे भडकले. "म्हंजे लाच द्यू म्हणता?" युनियनच्या माणसाला लाच हा शब्द शिवीपेक्षा वाईट. ते पाय आपटत घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दारावर थाप मारली.

"ताई, लई इचार केला. लाच घेणारा न केलेल्या कामाचं घेतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. हातातली कणीक तशीच होती.

"ह्येला हेल्मेटचं भ्या वाटतंय. भ्या वाटत असून भुंकला न्हाई, तर ते काम झालं का न्हाई?"

"झालं."

"मंग ही मजुरी हाय. आन मजुरी जाग्यावर. म्हैन्याच्या शेवटी बगू म्हणणारा मालक मी न्हवं."

त्या दिवसापासून आबांच्या कमरेला त्यांची हत्यारांची जुनी कातडी पिशवी आली. तिच्यात पूर्वी पाने आणि कानस असायची, आता कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे. रशीदभाईंच्या चिकनच्या दुकानातून कलेजी आणायची, उकडायची, गार करायची, कापायची. तुकडे सगळे सारखे झाले पाहिजेत, हा डाय फिटरचा हट्ट. रस्त्यावर आबांची नजर आता गस्तीवरच्या पोलिसासारखी फिरायची. लांबून मोटरसायकल येताना दिसली की ते भोंग्याला घेऊन एखाद्या उभ्या कारच्या आड सरकायचे, त्याला लांबूनच हेल्मेट जरासं दिसू द्यायचे आणि लगेच तुकडा पुढे करायचे. कधी अंदाज चुकायचा आणि तो भुंकायचाच. तेव्हा ओरडणं नाही. गुपचूप पाठ फिरवून लांब जायचं, तिथे पुन्हा सुरू. ज्या माणसाने जन्मात कधी माघार घेतली नव्हती, तो कुत्र्यासाठी रोज सकाळी माघार घ्यायला शिकला.

रस्त्यावर फुकटचा सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती. एकदा एक गृहस्थ थांबून म्हणाले, "भुंकतोय आणि वर खायला देताय? लाडावून ठेवलाय तुम्ही." आबांनी त्यांना नीट निरखलं. "तुमी भ्याल्यावर तुमाला कदी कुणी काय दिलं न्हाई, न्हाई का? म्हणून तोंड असं झालंय." गृहस्थ पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत.

एका सकाळी पुन्हा दारावर थाप. बघते तर आबा धापा टाकतायत, आणि डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कुणाला चावला. "ताई," आवाज चक्क हळू झाला होता, "हेल्मेट आलं समोरनं. ह्यो भुंकला न्हाई. मान वळवून माझ्याकडं बगितलं ह्येनं. माझ्या तोंडाकडं! म्हंजे, आलंय बगा, द्या माझी मजुरी." मला तेव्हा त्या माणसाचा फार हेवा वाटला. आपल्याकडे असं भरवशाने बघणारं जगात कोण असतं?

आता शालनकाकूंबद्दल सांगायला हवं. त्या आबांच्या पत्नी, माळकरी. कांदा-लसूणही मोजकाच. त्यांच्या स्वयंपाकघरात कलेजी शिजणं शक्य नव्हतं, म्हणून गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी सुरी. ते सगळं आबांनीच घासायचं. हे काकूंनी मान्य केलं होतं, पण एकादशीला घरात त्या पिशवीचा वारासुद्धा नको, ही त्यांची अट. मग एकादशीला आबा उकडलेल्या रताळ्याच्या फोडी घेऊन निघायचे. भोंगा फोड तोंडात घ्यायचा, आबांकडे बघायचा आणि फोड रस्त्यावर ठेवून द्यायचा. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक हेल्मेटवर त्याचा जुना भोंगा वाजायचा.

सोसायटीत तक्रारी यायच्या त्या नेमक्या ह्याच दिवशी, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ज्या दिवशी बिघडतो त्या दिवशी वेगळं काय असतं?" आबा विचार करत जिना चढले आणि दारात काकूंना बघून थबकले. त्या दुपारी त्यांच्या घरी वाटाघाटी बसल्या. साक्षीला मला बोलावलं होतं.

"कामगार उपाशी ठिवून काम व्हत न्हाई," आबांनी मांडणी केली.

"त्याला रताळं देतो की आपण. मी पण तेच खाते," काकू म्हणाल्या.

"उपास तुजा हाय. त्येचा न्हाई."

काकूंनी माळेचे मणी चाचपले. मग म्हणाल्या, "माझ्या घरात एकादशीला ते राहणार नाही. माझ्या घरात." आणि हळूच माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं. आम्ही पडलो खाणारे. तेव्हापासून दशमीला संध्याकाळी एक स्टीलचा डबा माझ्या फ्रीजमध्ये यायला लागला. एकादशीला आबा दारातूनच पिशवी भरून घ्यायचे. त्या तक्रारी थांबल्या. सोसायटीतल्या काही भाविकांनी याचं श्रेय काकूंच्या उपासाला दिलं, डब्याचं मी बोलले नाही.

खंडेनवमीला आमच्या पार्किंगमध्ये सगळ्या सोसायटीची मिळून पूजा असते. निम्मे लोक कंपनीतले, तेव्हा यंत्राला हार घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. पाण्याचा पंप, जनरेटर, त्यांच्यापुढे पाटावर कुणाचा पाना, कुणाची कात्री, आयटीवाल्यांचे लॅपटॉप. त्या वर्षी आबा आले आणि त्यांनी पाटावर भोंग्याचा पट्टा आणि ती कातडी पिशवी ठेवली. चेअरमन नगरकरसाहेब, नेटके, शुद्ध शाकाहारी गृहस्थ, एकदम मागे सरले.

"आबा, अहो, पूजेत हे? मटणाचा वास येतोय त्याला!"

"हत्यार हाय माजं."

"पण काहीतरी पावित्र्य..."

"साहेब," आबांचा आवाज सगळ्या पार्किंगमध्ये घुमला, "चाकणला आमी प्रेसला हळदकुंकू लावायचो. त्या प्रेसनं माझ्या दोस्ताची बोटं नेली व्हती. तरी दर वर्साला हार घातला. तिचं चाललं, आन ह्या पिशवीनं कुणाचं काय खाल्लं?"

 नगरकरसाहेब पळीतल्या पाण्याकडे बघत राहिले. तेवढ्यात शालनकाकू पुढे आल्या. ज्या पिशवीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं तिच्यावर त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि पदर सावरत मागे जाऊन उभ्या राहिल्या. 

आणि मग, सगळं सुरळीत होत असताना, काही दिवसांनी ते घडलं. आबा भोंग्याला घेऊन लिफ्टसमोर उभे होते, दार उघडलं आणि आतून हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला बाहेर पडला, थेट भोंग्याच्या पुढ्यात. सरकायला जागा नव्हती, द्यायला वेळ नव्हता. भोंगा झेपावला, त्या माणसाची पाठीवरची बॅग फाटली, तो पडला आणि त्याचं कोपर सोलवटलं. चावा नव्हता. आबांनी स्वतः त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्या बॅगचे पैसे भरून दिले, सगळ्यांसमोर हात जोडले. "चूक माझी. दार उघडायच्या आदी मी बाजूला व्हायाला पायजे व्हतं."

पण सोसायटीला निमित्त मिळालं होतं. सभा भरली. ठराव असा, की भोंग्याची ने-आण मागच्या गेटनेच व्हावी. पुढच्या गेटवर तो पुन्हा दिसला, तर त्याला सोसायटीतून हलवावं लागेल. मागचं गेट म्हणजे जिथून कचऱ्याची गाडी येते ते. त्या बोळात भटक्या कुत्र्यांची टोळीच असायची. तिथून रोज जायचं म्हणजे भोंग्याची सगळी कमाई आठवड्याभरात पाण्यात. आणि नाही जायचं तर त्याचं घर गेलं. मी नावापुरती कमिटीत होते, मी हे बोलून बघितलं. कुणी ऐकलं नाही.

आबा उठले. "दंड लावा, भरतो. तोंडाला जाळी बांदा म्हणा, उद्यापासनं बांदतो. लिफ्ट सोडून जिन्यानं नेतो. पण मागच्या गेटनं न्हाई."

"का पण? काय फरक पडतो?" नगरकरसाहेब वैतागले.

"चूक माझी व्हती. शिक्षा त्येला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन शिफ्टच्या गर्दीत, पुढच्या गेटच्या आतल्या बाजूला, कंपाउंडच्या पार कोपऱ्यात आबा प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. शेजारी भोंगा, तोंडाला जाळी. फलक नाही, घोषणा नाही. सोसायटीत बोभाटा झाला की कणसेआबा धरणं धरून बसले. जो तो गॅलरीत. मी खाली गेले तेव्हा मात्र मला कळलं, की धरणं वगैरे काही नाही, इथे शाळा भरलीय. गेटमधून एक हेल्मेट गेलं, भोंग्याने बघितलं, मान वळवून आबांकडे बघितलं, जाळीतून तुकडा आत. दुसरं हेल्मेट, दुसरा तुकडा. रोज खुर्ची गेटच्या दिशेने थोडी पुढे सरकायची.

"आबा, हे धरणं आहे की काय?" मी विचारलं.

"त्यांना धरणं वाटू दे. ह्येला सराव व्हतोय," आबा म्हणाले. त्यांना आता कुजबुजणं जमायला लागलं होतं.

काही भल्या माणसांनी गेटजवळ येताना हेल्मेट काढून हातात घ्यायला सुरुवात केली. आबांनी त्यांनाच झापलं. "घाला ओ भाऊ! घाला डोक्यात! तुमी असं करता, मंग त्येनं शिकायचं कुणाकडनं?"

खुर्ची गेटपासून चार पावलांवर आली तेव्हा नगरकरसाहेब समझोत्याला आले. आपली स्कूटर बाजूला लावली, हेल्मेट काढलं आणि घसा खाकरला. "आबा, किती दिवस चालणार हे? बोलून मिटवू."

"मिटवू की. समोरनं नका येऊ, बाजूनं या. हेल्मेट घाला. हां. आता त्येला मजुरी द्या, मंग बोलू."

आबांनी पिशवी पुढे केली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी हे हातात घेणार नाही."

"मंग तुमच्या घरातलं आणा."

मला वाटलं, साहेब संतापून निघून जातील. गेलेही, पण परत आले. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात वाटी, वाटीत पनीर.  ते बाजूने आले, आबा सांगतील तिथे थांबले आणि एक तुकडा जाळीतून आत सरकवला. भोंग्याने त्यांच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि पनीर खाल्लं. पुन्हा साहेबांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "अजून देऊ का?" आणि सगळी वाटी रिकामी केली. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तो ठराव कुणी कधी मागे घेतला नाही, पण अंमलात आणायला कुणी पुढेही आलं नाही. भोंगा पुढच्या गेटनेच जात राहिला. पुढे जाळीही निघाली.

त्यानंतर वर्षं गेली. भोंग्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कानही गेले. कानाजवळ बुलेट फडफडत गेली तरी त्याला पत्ता नसायचा. तरी आबांच्या कमरेला पिशवी होतीच, आणि प्रत्येक हेल्मेटला ते थांबायचेच. एकदा मी म्हटलं, "आबा, त्याला आता दिसत नाही, ऐकू येत नाही. आता कशाला?"

"पेन्शन," आबा म्हणाले. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

आम्ही हडपसरला मुलीजवळ राहायला निघालो तो दिवस मला पक्का आठवतो. सोसायटीचा नियमच होता, की सामानाचा टेम्पो मागच्या गेटला लावायचा. सामान चढवून झालं, आमचे हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मीही चढणार, तेवढ्यात जिन्यातून हाक आली. आबा भोंग्याला घेऊन एकेक पायरी उतरत होते. गुडघे गेले होते त्यांचे.

"ताई, कुठं निघाला तिकडनं?"

"टेम्पो इथेच आहे ना, आबा."

"सामान जाऊ दे मागनं. सामानाला काय कळतंय. तुमी एवडी वर्सं हितं राहिला, तुमी पुढनं चला."

ह्यांना टेम्पोबरोबर जायला सांगून मी आबांच्या बरोबर निघाले. भोंगा आबांच्या पायाला नाक लावून चालत होता. वर गॅलरीत शालनकाकू उभ्या होत्या.  आबांचं सगळं लक्ष समोर होतं. शिफ्ट सुटली होती आणि आत येणाऱ्या मोटरसायकलींची रांग लागली होती. पहिलं हेल्मेट गेटपाशी आलं आणि आबा गेटच्या मधोमध थांबले. कमरेवर हात ठेवून, कण्हत, खाली वाकले.

वॉचमन म्हणाला, "आबा, जरा कडेला घ्या की. लोक खोळंबलेत."

"का?" आबा म्हणाले. "खाऊ दे त्येला."

मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि वळून बघितलं. भोंगा उरलेल्या दातांनी सावकाश चावत होता. मोटरसायकलींची रांग रस्त्यापर्यंत आली होती, सगळ्यांचे हॉर्न एकदम वाजत होते. आबांनी मान वरसुद्धा केली नाही. पिशवीत हात घालून त्यांनी दुसरा तुकडा काढला.